एकशे दहा विजय, एक पराभव आणि त्यानंतरचा मार्क ब्रीलँड

विचारणा थोडक्यात अशी आहे. अमेरिकेचा वेल्टरवेट (सुमारे ६७ किलोपर्यंतच्या वजनगटातला) मुष्टियोद्धा मार्क ब्रीलँड हौशी कारकिर्दीत ११० लढती जिंकला आणि फक्त एक हरला. १९८४ चे ऑलिंपिक सुवर्णपदकही त्याने मिळवले. मग व्यावसायिक रिंगणात शुगर रे लेनर्ड किंवा टॉमी हर्न्स या त्या काळातल्या दिग्गजांच्या पंक्तीला तो का बसला नाही? आणि याच प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न आहे, की अंगाने उंच आणि सडपातळ असलेल्या मुलाने ब्रीलँडच्या लढती पाहून शिकावे की त्यापासून दूर राहावे?

अनेक वर्षे मुलांना बॉक्सिंग शिकवत असल्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. ब्रीलँड व्यावसायिक रिंगणात अपयशी ठरला, हे मला मान्य नाही. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचे (व्यावसायिक रिंगणात अशा अनेक संघटना आपापली जगज्जेतेपदे देतात) वेल्टरवेट विजेतेपद ज्याने दोनदा मिळवले आणि ज्याच्या ३५ विजयांपैकी २५ बाद करून आले, त्याला अपयशी म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र त्याची सगळी कला लांब अंतरावरून लढण्याची होती. ते अंतर मोडले आणि प्रतिस्पर्धी छातीला येऊन भिडला, की पुढे काय करायचे, हा प्रश्न हौशी काळातल्या १११ लढतींनी त्याला जवळजवळ कधी विचारलाच नाही. तो प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने विचारला गेला तेव्हा तो जगज्जेता होता, आणि उत्तर नसल्याची किंमतही जगज्जेत्याच्याच दराने मोजावी लागली.

ब्रीलँड न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. बेडफर्ड-स्टायव्हसंट या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९६३ साली त्याचा जन्म झाला. तिथल्या मुलांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे न्यूयॉर्क गोल्डन ग्लोव्ह्ज. हौशी मुष्टियोद्ध्यांची ही जुनी स्पर्धा आहे, आणि त्या काळी तिच्या अंतिम लढती मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होत असल्यामुळे सतरा-अठरा वर्षांच्या पोराला तिथे एका रात्रीत नाव मिळू शकत असे. ब्रीलँडने १९८० ते १९८४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. हौशी बॉक्सिंगमध्ये पाच वर्षांत प्रतिस्पर्ध्यांची एक अख्खी फळी बदलते, कारण कोणी व्यावसायिक होतो, कोणी वजनगट बदलतो, तर कोणी खेळच सोडतो. अशा बदलत्या फळीसमोर पाच वर्षे टिकणे किती अवघड असते, हे ज्याने एका मुलाला सलग दोन वर्षे राज्य स्पर्धा जिंकून देण्याचा प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल.

त्याचे शरीर पाहिले की निम्मा उलगडा होतो. उंची सहा फूट दोन इंचांहून थोडी अधिक आणि वजन ६७ किलोच्या आत. या वजनाचे बहुतेक मुष्टियोद्धे पाच फूट सात ते पाच फूट दहा इंचांच्या दरम्यान असतात. म्हणजे समोरच्याला ब्रीलँडच्या हनुवटीपर्यंत पोचायचे, तर आधी त्याच्या डाव्या हाताच्या टापूतून चालत जावे लागे. तो डावा हात, म्हणजे त्याचा जॅब, हे या माणसाचे खरे भांडवल होते. खांद्याच्या रेषेतून निघणारा, कोपर बाहेर न फेकता सरळ जाणारा आणि पुढच्या पावलाबरोबरच लागणारा असा तो ठोसा होता. ज्यांचा जॅब नुसता मनगटातून येतो त्यांचा ठोसा टोचतो, पण प्रतिस्पर्ध्याला थांबवत नाही. पावलाबरोबर आलेल्या जॅबमागे अंगाचे वजन असते, त्यामुळे समोरच्याची चाल तिथेच अडते आणि त्या अडलेल्या क्षणी त्याच रेषेतून उजवा हात येतो. ब्रीलँडच्या हौशी विजयांपैकी ७३ बाद करून मिळालेले आहेत. तीन फेऱ्यांच्या हौशी लढतींत, जिथे बहुतेक निकाल गुणांवर लागतात, हे प्रमाण थक्क करणारे आहे.

या काळातल्या एकमेव पराभवाला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. डॅरिल अँथनीने त्याला हरवले होते, आणि पुढे व्यावसायिक रिंगणात ब्रीलँडने याच अँथनीला बाद करून तो हिशेब चुकता केला.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघ आणि क्यूबा यांनी बहिष्कार टाकला होता, त्यामुळे त्या वर्षीची अमेरिकेची सुवर्णपदके स्वस्तात मिळाली असे नेहमी बोलले जाते. काही वजनगटांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. ब्रीलँडच्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकत नाही, कारण त्याने त्याचे उत्तर दोन वर्षे आधीच देऊन ठेवले होते. १९८२ साली म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, अंतिम फेरीत त्याने सोव्हिएत संघाच्या सेरिक कोनाकबायेवला हरवले होते. कोनाकबायेव हा मॉस्को ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता आणि त्या काळातला अत्यंत चतुर, तंत्रकुशल मुष्टियोद्धा मानला जात असे. लॉस एंजेलिसमध्ये तर ब्रीलँडकडून लोकांच्या अपेक्षा इतक्या वाढल्या होत्या की गुणांवर जिंकला तरी वर्तमानपत्रे नाराज होत. उपांत्यपूर्व लढतीत त्याने मेक्सिकोच्या हेनारो लेओनला पहिल्याच फेरीत बाद केले. हाच लेओन पुढे वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनचा वेल्टरवेट विजेता झाला, यावरून त्या विजयाची किंमत समजते. उपांत्य लढतीत इटलीचा लुचानो ब्रुनो आणि अंतिम लढतीत दक्षिण कोरियाचा आन यंग-सू या दोघांनाही त्याने पाचही पंचांच्या कौलाने हरवले.

आता या हौशी लढतींचे नियम लक्षात घेतले पाहिजेत, कारण प्रश्नाचे खरे उत्तर तिथे दडलेले आहे. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे एकूण नऊ मिनिटांचा खेळ. दोघे एकमेकांना चिकटले की पंच लगेच सोडवतो, आणि सोडवल्यावर दोघांनीही एक पाऊल मागे जायचे असते. जोरदार ठोसा बसला की उभ्या उभ्याच आठ आकडे मोजले जातात. उंच माणसाला याहून सोयीचे नियम कोणी बनवून देणार नाही. जवळ घुसण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने आठ-दहा ठोसे खाल्लेले असतात, आणि तो कसाबसा पोचतो तोच पंच दोघांना वेगळे करून पुन्हा ब्रीलँडच्या हव्या त्या अंतरावर उभे करतो. त्याच्या पायांना, बरगड्यांना आणि मानेला जवळच्या झटापटीचा ताण सोसण्याची वेळच येत नव्हती. हा दोष ना त्याचा, ना त्याच्या प्रशिक्षकांचा. जे न करता शंभरावर लढती जिंकता येतात, ते शिकायला कोणताही मुलगा मनापासून तयार होत नाही.

१५ नोव्हेंबर १९८४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या ऑलिंपिक संघातले सहा जण एकाच रात्री व्यावसायिक झाले. ब्रीलँडबरोबर पर्नेल व्हिटेकर, मेल्ड्रिक टेलर, इव्हॅंडर होलीफील्ड, टायरेल बिग्ज आणि व्हर्जिल हिल होते. त्या सहांत सगळ्यात मोठे नाव ब्रीलँडचे होते, हे आज होलीफील्ड आणि व्हिटेकर यांची कारकीर्द ठाऊक असलेल्या वाचकाला खरे वाटणार नाही. त्या रात्री ड्वाइट विल्यम्सविरुद्ध तो गुणांवर जिंकला. पुढची दोन वर्षे त्याला बेताबेताने वर चढवण्यात आले. जो फॅरिएलो हा जुन्या वळणाचा, कसलेला प्रशिक्षक त्याच्या पाठीशी होता.

पहिले विजेतेपद त्याला चमत्कारिक परिस्थितीत मिळाले. सप्टेंबर १९८६ मध्ये ब्रिटनच्या लॉइड हनिगनने डोनाल्ड करीला हरवून वेल्टरवेटचे निर्विवाद जगज्जेतेपद जिंकले होते. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनने त्याला दक्षिण आफ्रिकेच्या हॅरोल्ड फोलब्रेख्टशी लढायला सांगितले. वर्णद्वेषी राजवटीच्या देशातल्या मुष्टियोद्ध्याशी लढणार नाही, अशी भूमिका घेऊन हनिगनने त्या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा छायाचित्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. रिकाम्या झालेल्या त्या पदासाठी ६ फेब्रुवारी १९८७ रोजी अटलांटिक सिटीत ब्रीलँड आणि फोलब्रेख्ट समोरासमोर आले. ब्रीलँडने सातव्या फेरीत सामना संपवला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

सहा महिन्यांनी, २२ ऑगस्ट १९८७ रोजी, दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात त्याच्यासमोर मार्लन स्टार्लिंग उभा राहिला, आणि माझ्या मते या कारकिर्दीचा सगळा अर्थ त्या एका रात्रीत सापडतो. स्टार्लिंग कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा, वयाने ब्रीलँडपेक्षा पाच वर्षे मोठा. करीकडून दोनदा हरलेला असल्याने त्याला लोकांनी मनातून बाद केले होते, पण त्याच्या पाठीशी लांब पल्ल्याच्या कठीण लढती होत्या. त्याची बचावाची पद्धत साधी आणि चिवट होती. दोन्ही ग्लोव्हज गालांना लावलेले, कोपरे बरगड्यांवर मिटलेली, हनुवटी छातीकडे झुकलेली. अशा माणसावर जॅब मारला तर तो बहुतेक वेळा ग्लोव्हजवरच आदळतो. गुण मिळत राहतात, प्रेक्षकांना वाटते की उंच माणूस सामना चालवतो आहे, पण आतला माणूस फारसा दुखावलेला नसतो आणि प्रत्येक जॅबनंतर अर्धे पाऊल पुढे सरकलेला असतो. गुणपत्रिकांवर ब्रीलँड पुढेच होता. पण फेरीमागून फेरी स्टार्लिंग अंगाशी येत राहिला, आणि व्यावसायिक रिंगणात पंच हौशी स्पर्धेइतक्या घाईने सोडवत नाही. लांब, बारीक अंगाच्या माणसाला खांदा लावून मागे रेटणाऱ्याला धरून ठेवणे म्हणजे दुसऱ्याचे वजन आपल्या मानेवर वाहणे. त्यात पायातली ताकद आधी जाते. पाय गेले की जॅब मनगटातून येऊ लागतो, आणि जॅब कमकुवत झाला की ब्रीलँडकडे दुसरे हत्यार उरत नव्हते. अकराव्या फेरीत स्टार्लिंगने त्याला बाद केले.

येथे हर्न्सची आठवण होणे अपरिहार्य आहे. सहा फूट एक इंच उंचीचा, लांब हातांचा टॉमी हर्न्ससुद्धा १९८१ मध्ये लेनर्डविरुद्ध तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे असताना चौदाव्या फेरीत थांबवला गेला होता. म्हणजे दुखणे तेच. फरक पुढच्या वाटचालीत आहे. हर्न्स त्या पराभवानंतर वरच्या वजनगटांत गेला, शरीराला मांस धरू दिले आणि लाइट हेवीवेटपर्यंत जगज्जेतेपदे मिळवली. ब्रीलँड ऐन उमेदीची सगळी वर्षे १४७ पौंडांवरच, म्हणजे वेल्टरवेटच्या सुमारे ६७ किलोंवरच, राहिला. सहा फूट दोन इंचांच्या वाढत्या पुरुषाने विशीच्या उत्तरार्धात ते वजन राखणे किती कष्टाचे असते, हे कोणत्याही प्रशिक्षकाला विचारावे. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पाणी मोजून पिणाऱ्या मुलांचे पाय सातव्या-आठव्या फेरीनंतर आपले राहत नाहीत. ब्रीलँड दोन गट वर गेला असता तर काय झाले असते, हा अर्थातच तर्क आहे, पण तो तर्क मी निष्काळजीपणे करत नाही.

एप्रिल १९८८ मध्ये लास व्हेगासला दोघांची पुन्हा गाठ पडली आणि बारा फेऱ्यांनंतर सामना बरोबरीत सुटल्यामुळे पट्टा स्टार्लिंगकडेच राहिला. त्या बरोबरीत ब्रीलँडचे नशीब बरे होते असे म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांच्यातलाच. जुलैमध्ये कोलंबियाच्या तोमास मोलिनारेसने सहाव्या फेरीची घंटा वाजून गेल्यानंतर मारलेल्या ठोशाने स्टार्लिंगला पाडले. त्यावरून बराच वाद झाला, अखेर सामन्याचा निकाल रद्द ठरला आणि पद पुन्हा रिकामे झाले. ४ फेब्रुवारी १९८९ रोजी लास व्हेगासमध्ये ब्रीलँडने दक्षिण कोरियाच्या ली सुंग-सूनला पहिल्याच फेरीत संपवून ते परत मिळवले. त्याच कार्यक्रमात स्टार्लिंगने हनिगनला नवव्या फेरीत थांबवून वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचे विजेतेपद घेतले.

ब्रीलँडची ही दुसरी राजवट लोक विसरतात, आणि त्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. चार वेळा त्याने पट्टा राखला आणि चारही वेळा मुदतीआधी. कोलंबियाचा राफाएल पिनेडा पाचव्या फेरीत थांबला. हा पिनेडा पुढे खालच्या गटात जगज्जेता झाला. जिनिव्हामध्ये मौरो मार्तेली दुसऱ्या फेरीत संपला. याच मार्तेलीला सायमन ब्राउनसारखा जबर ठोशाचा विजेता वर्षभरापूर्वी बारा फेऱ्यांतही थांबवू शकला नव्हता. त्यानंतर टोकियोत फुजिओ ओझाकी चौथ्या फेरीत बाद झाला.

आणि मग मार्च १९९० मध्ये लंडनच्या वेम्ब्लीत हनिगन. ज्याने कचऱ्यात टाकलेला पट्टा ब्रीलँडने उचलला होता तोच माणूस, त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर. हनिगन तोपर्यंत उतरणीला लागलेला होता हे मान्य केले, तरी त्या रात्री ब्रीलँडने जे केले ते जॅब आणि उजव्या हाताचे उत्तम प्रात्यक्षिक आहे. हनिगन सरळ रेषेत, हात खाली ठेवून धावून येणारा योद्धा होता. अशा माणसाचा ब्रीलँडपुढे निभाव लागणे शक्यच नव्हते. तीन फेऱ्यांत सहा वेळा तो खाली पडला आणि सामना थांबवण्यात आला. स्टार्लिंगला ज्याच्यासाठी नऊ फेऱ्या लागल्या त्याला ब्रीलँडने तीन फेऱ्यांत संपवले, आणि ज्या स्टार्लिंगने ब्रीलँडला पाडले तो हनिगनपेक्षा कमी वेगाचा, कमी धडाडीचा होता. मुष्टियुद्धात अ ने ब ला हरवले आणि ब ने क ला हरवले म्हणून अ क ला हरवेलच, असा हिशेब मांडता येत नाही. कोणाची शैली कोणाला जड जाते, यावर सगळे ठरते.

हनिगननंतर चारच महिन्यांनी, ८ जुलै १९९० रोजी, नेव्हाडातल्या रीनो शहरात ब्रॉन्क्सच्या आरन डेव्हिसने त्याचे विजेतेपद हिरावले. ही लढत अतिशय रंगलेली आणि कमालीची क्रूर आहे. ब्रीलँडच्या जॅबने डेव्हिसचा डोळा इतका सुजला होता की डॉक्टर सामना थांबवतील अशी चिन्हे होती. डेव्हिसने तरीही अंतर कापत राहणे सोडले नाही, आणि नवव्या फेरीच्या अखेरीस त्याच्या एका उजव्या ठोशाने ब्रीलँड बाद झाला. सहाच महिन्यांनी, जानेवारी १९९१ मध्ये, डेव्हिसकडून ते पद मेल्ड्रिक टेलरने घेतले, म्हणजे १९८४ च्याच संघातल्या सोबत्याने.

पुढचे लवकर सांगता येते. १९९१ मध्ये मेक्सिकोच्या होर्हे व्हाकाने त्याला सहाव्या फेरीत थांबवले आणि ब्रीलँड बाजूला झाला. १९९६ मध्ये तो परतला, काही लढती जिंकला आणि १९९७ मध्ये कायमचा थांबला. एकूण ३५ विजय, ३ पराभव, १ बरोबरी. तिन्ही पराभव सामना मुदतीआधी संपून झालेले आहेत. गुणांवर त्याला व्यावसायिक रिंगणात कोणीच हरवू शकले नाही. त्याच्या बलस्थानाबद्दल आणि उणिवेबद्दल एकाच आकड्यातून इतके कळते, की मी मुलांना हा आकडा मुद्दाम सांगतो.

नंतर प्रशिक्षक म्हणून त्याने डिऑन्टे वाइल्डर या हेवीवेटबरोबर अनेक वर्षे काम केले. फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरीविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत, सातव्या फेरीत, कोपऱ्यातून टॉवेल टाकून सामना थांबवणारा माणूस ब्रीलँडच होता. वाइल्डरला ते रुचले नाही आणि दोघांची फारकत झाली. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो. कानातून रक्त येत असलेल्या आणि पायांवर ताबा न राहिलेल्या माणसाला आणखी दोन मिनिटे देऊन काहीही मिळणार नव्हते, आणि कोपऱ्यातल्या माणसाचे पहिले काम आपल्या मुलाला सुखरूप घरी नेणे हे असते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. उंच मुलाने ब्रीलँडच्या लढती जरूर पाहाव्यात, पण क्रम उलटा धरावा. सुरुवात हनिगनपासून केली तर मुलगा हरखून जातो आणि त्याला वाटते की इतकेच पुरे आहे. म्हणून मी स्टार्लिंगविरुद्धच्या पहिल्या लढतीपासून सुरुवात करायला सांगेन. ती पाहताना ठोसे मोजू नयेत. दोघे चिकटल्यावर ब्रीलँडचे हात कुठे आहेत, डोके कोणाच्या खांद्यावर कोणत्या बाजूला आहे आणि सुटताना आधी कोण पाऊल टाकतो, एवढेच वहीत टिपावे. मग डेव्हिसची लढत, आणि सगळ्यात शेवटी वेम्ब्ली.

सरावाच्या बाबतीत माझा आग्रह असा, की उंच मुलाला आठवड्यातून किमान एकदा त्याच्यापेक्षा बुटक्या आणि दणकट मुलाबरोबर जवळच्या अंतरावर उभे करावे, आणि त्या वेळी जॅब मारायला पूर्ण मनाई करावी. खांदा कसा लावायचा, समोरच्याचा दंड आतून कसा अडकवायचा, छोटा अपरकट (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा) मारून अर्धे पाऊल बाजूला कसे निघायचे, हे त्याला तिथे शिकावेच लागते. दोन-तीन महिने त्याला हे अजिबात आवडणार नाही, कारण जिल्हा पातळीवर तो याशिवायही जिंकत असतो. वजनाबद्दलही आताच स्पष्ट बोलून ठेवावे. अठराव्या वर्षी ज्या गटात तो सहज बसतो, त्या गटात पंचविसाव्या वर्षीही त्याला कोंबून बसवण्याचा हट्ट पालकांनी धरू नये, आणि प्रशिक्षकांनी तर मुळीच धरू नये.